तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना

बाई, सादर नमस्कार.

हे पत्र घरी आणून देता आलं असतं, पण मुद्दाम नोटीस बोर्डावर लावतोय. घोळ इथेच झाला, तेव्हा आभारही इथेच मानलेले बरे.

पार्किंगची ती नोटीस सगळ्यांच्या लक्षात असेलच. मुलुंडच्या आपल्या बिल्डिंगमध्ये मराठी, गुजराती, तमिळ अशी सगळी बिऱ्हाडं, म्हणून नोटीस इंग्रजीत काढायची पद्धत. मी लिहिलं, 'द मेंबर्स, हू हॅव नॉट पेड द मेंटेनन्स, विल नॉट गेट पार्किंग.' थकबाकीदार होते पाच. भडकले मात्र वेळेवर चेक देणारे. दुसऱ्या मजल्यावरचे काका तर वर्षभराच्या पावत्या घेऊन दारात उभे!

तेव्हा तुम्ही जिन्यातून हाक मारलीत, "अरे सेक्रेटरी, तो कागद घेऊन वर ये." लाल पेनाने दोन्ही स्वल्पविरामांना गोल केलंत. "या दोन शेपट्यांनी तू अख्खी बिल्डिंग बुडवी ठरवलीस."

आमचं इंग्रजी पाचवीला सुरू झालं (पहिलीपासून आलं ते 2000 साली), पण असं कुणी समजावलं नव्हतं. आपण 'ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांना' म्हणतो तेव्हा 'ज्या-त्या'ची जोडीच माणसं चाळून घेते. इंग्रजीत हे चाळायचं काम स्वल्पविराम न देऊन होतं. दिला, की तो तुकडा नुसती जादा माहिती. 'माय ब्रदर हू लिव्ज इन ठाणे' म्हणजे भाऊ एकाहून जास्त, त्यातला ठाण्याचा. तोच तुकडा स्वल्पविरामांत घातला की भाऊ एकच, राहायला ठाण्याला. वर एक युक्तीही दिलीत: 'हू'च्या जागी 'दॅट' चालत असेल तर स्वल्पविराम नको.

मग तुमची नजर खालच्या ओळीवर गेली. पंप पाणी का चढवत नाही, तर 'ड्यू टू द हायनेस ऑफ द टँक'. तुम्ही चष्मा काढून हसलात. "टाकीला महाराज केलंस की रे!" हायनेस राजेरजवाड्यांना, टाकीला हाइट. लाँगचं लेंग्थ, डीपचं डेप्थ, वाइडचं विड्थ. हायचंही पूर्वी 'हाइथ' असायचं, त्यातला 'थ' झिजून 'ट' झाला. हा 'थ' आणि 'नेस' इंग्रजीचे घरचे. एबिलिटीतला 'इटी' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. मी कपाळाला हात लावला, तर तुम्ही म्हणालात, "तुझ्या मराठीत वेगळं काय आहे? शहाणपण घरचं, सौंदर्य संस्कृतातलं, गरिबी फारसीतून आलेली. तू चुकतोस का कधी?"

खरंच चुकत नाही. आणि खोलचं नाम 'खोली', म्हणजे मुंबईत ज्याची खरी टंचाई ती, हे माझ्या त्या दिवशीच ध्यानात आलं.

नोटीस बदलली, काका शांत झाले, पाचातल्या तिघांनी पैसेही भरले. लाल गोलांचा तो कागद मी सोसायटीच्या फायलीत लावून ठेवलाय.

उद्याच्या नोटिशीचा मसुदा तेवढा बघाल का? 'द लिफ्ट, विच इज अंडर रिपेअर, विल स्टार्ट ऑन मंडे.' आपल्याकडे लिफ्ट एकच, म्हणून यावेळी दोन्ही स्वल्पविराम ठेवलेत. बरोबर ना?

तुमचा,
सेक्रेटरी