‘वर्षाची वॉरंटी’ कशाकशाची, ते काऊंटरवरच सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी खानापूर भागात फॅब्रिकेशनचं काम करतो. ग्रिल, गेट, पत्र्याची शेड असलं सगळं. माझ्या भाच्याने गणपतीच्या आधी स्वतःच्या कमाईतून पहिला चार इंची ग्राइंडर, म्हणजे लोखंड कापायचं-घासायचं मशीन, घेतला. दुकानदार म्हणाला, बिनधास्त घे, एक वर्ष वॉरंटी आहे. चौथ्या महिन्यात मशीन बसलं. आम्ही बेळगावला सर्व्हिस सेंटरला घेऊन गेलो, तिथल्या मेकॅनिकने आमच्यासमोर चार स्क्रू काढून आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, बाहेर ओढलं तर ते टोकापासून टोकापर्यंत काळंठिक्कर, त्याच्या भोवतीची तारेची गुंडाळी, फिल्ड कॉइल, पण तशीच, आणि तारेवरच्या जळक्या वार्निशचा वास. तो म्हणाला, मामा, दोन्ही सारखंच जळालंय म्हणजे हे ओव्हरलोडचं काम, वॉरंटीत बसत नाही, एकाच जागी वाइंडिंग गेलं असतं तर कंपनीचा फॉल्ट म्हणून लिहून पाठवलं असतं.

मेकॅनिक खोटं बोलला नाही. पोरगं ज्या साइटवर काम करत होतं तिथे खांबावरून लांब बारीक वायर ओढलेली, संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं, त्यात वायरमध्ये आणखी पडतं. व्होल्टेज कमी झालं की मशीनचा स्पीड उतरतो, मग माणूस जास्त जोर लावून दाबतो, आणि आतला पंखा त्याच मोटरवर फिरतो म्हणून तोही मंदावतो, हवा मिळत नाही, मोटर तापत जाते आणि शेवटी वार्निश जळतं. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुरुस्तीला नव्या मशीनच्या निम्मे पैसे गेले.

माझी तक्रार त्या अर्ध्या वाक्याची आहे. ‘एक वर्ष वॉरंटी’ म्हटलं की गिऱ्हाईकाला वाटतं वर्षभरात काहीही झालं तरी कंपनी बघेल. खरं म्हणजे वॉरंटी असते ती मटेरियल आणि बनवण्यातल्या दोषाची. कार्बन ब्रश, डिस्क, बिट ही झिजणारी वस्तू त्यात येत नाही, बऱ्याच वॉरंटी कार्डांवर चक (बिट धरणारा भाग) आणि वायर पण वॉरंटीबाहेर ठेवलेली असते. बॅटरीच्या मशीनला बॅटरीची मुदत कधी कधी वेगळी. बाहेरच्या मिस्त्रीकडे एकदा मशीन उघडलं की विषय संपला. गार्ड काढून चार इंचीवर पाच इंची डिस्क लावली तरी संपला, आणि तिथे वॉरंटीपेक्षा हाताची काळजी करा, हे मशीन मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं, गार्ड नसताना डिस्क फुटली तर तोंडावर येते. काही स्वस्त मशीनच्या कार्डावर तर फक्त घरगुती वापर असं लिहिलेलं असतं, आणि तेच मशीन दिवसभर वेल्डिंग शॉपमध्ये चालवणाऱ्या पोराला विकलं जातं. हे सगळं बारीक इंग्रजीत. आमच्याकडे मराठी वाचणारे आहेत, कन्नड वाचणारे आहेत, ते इंग्रजी वाचायचं कुणी?

दुसरी गोष्ट कच्च्या बिलाची. १८ टक्के जीएसटी वाचतो म्हणून आपणच चिठ्ठीवर माल घेतो, मग सर्व्हिस सेंटरवाला बिल मागतो तेव्हा तोंड उघडायला जागा राहत नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर मशीनचा सिरियल नंबर लिहून घ्या, कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख मारून घ्या. ऑनलाइन रजिस्टर केलं की काही कंपन्या मुदत वाढवून देतात, पण ते घेतल्यापासून ठरलेल्या दिवसांतच करावं लागतं.

आणि खरोखर कंपनीचा फॉल्ट असून कुणी टाळलं तर गप्प बसू नका. तुम्ही धंद्याला वापरता म्हणून ग्राहक नाही असं सांगतात, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात धरत नाहीत. आपले सुतार, गवंडी, वेल्डर यातच येतात की! मशीन कोल्हापुरातून आणलं असलं तरी तक्रार आपण राहतो तिथल्या, म्हणजे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, मराठीत बोलता येतं.

दुकानदारांना हात जोडून विनंती, मशीन हातात देताना दोन मिनिटं काढून काय बसतं काय बसत नाही ते सांगा, एक कागद मराठी कन्नडमध्ये लिहून काऊंटरवर चिकटवा. आणि संपादक साहेब, तक्रार कशी करायची याची एक चौकट तुमच्या पेपरात छापा, आमच्या शॉपमध्ये मी कात्रण काढून बोर्डाच्या शेजारी लावतो.

आपला नियमित वाचक,
एक फॅब्रिकेशन कारागीर, ता. खानापूर, जि. बेळगाव