सफरचंदाचा थरांचा केक आणि मुरण्याचे दोन दिवस

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘जुन्या पद्धतीचा थरांचा सफरचंद केक’ या मथळ्याखाली जी कृती प्रसिद्ध झाली, तिच्याविषयी हे पत्र लिहीत आहे. कृती नीटनेटकी होती आणि त्याप्रमाणे केलेला केक चवीला वाईट होईल असे मुळीच नाही. परंतु ताज्या सफरचंदाचा कीस, स्पंजचे दोन थर, मध्ये क्रीम आणि शेवटी ‘तासाभरात तयार’ हे शब्द वाचले आणि मला राहवले नाही. ज्या केकला हे नाव शोभते त्याला तास नव्हे, जवळजवळ आठवडा लागतो, आणि त्या आठवड्यातले बहुतेक दिवस करणाऱ्या व्यक्तीला हाताची घडी घालून बसावे लागते. कृतीतून हे बसणे वगळले की तो केकच राहत नाही, हे मी तीन हिवाळे घालवून शिकले आहे.

माझी आई १९६१ ते १९६४ या काळात येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात होम सायन्स शिकत होती. अमेरिकेतील टेनेसीच्या डोंगराळ भागातून बडोद्यात आलेल्या एका बाईंनी तिला आणि तिच्या दोन-तीन मैत्रिणींना आपल्या घरी बोलावून हा केक शिकवला होता. पुढे दांडिया बाजारातल्या आमच्या घरात ओव्हन नसतानाही आईने तो दरवर्षी नाताळच्या सुट्टीत केला: शेगडीवर बिडाचा तवा, त्यावर झाकण, झाकणावर निखारे. घरात अंडे चालत नसे, म्हणून तिने ताक वाढवले. आई गेली तेव्हा तिच्या वहीत अनारसे होते, चिरोटे होते, सुरळीच्या वड्या होत्या. हा केक मात्र कुठेच नव्हता.

हा केक मूळचा अ‍ॅपलेशियन पर्वतराजीतला, म्हणजे टेनेसी, केंटकी, नॉर्थ कॅरोलिना या बाजूचा, आणि तिकडे त्याला ‘स्टॅक केक’ म्हणतात. त्यात क्रीम नसते आणि स्पंजही नसतो. मऊ बिस्किटासारखी कणीक पातळ लाटून किंवा थापून सहा, आठ, कधी त्याहून अधिक चकत्या वेगवेगळ्या भाजायच्या आणि प्रत्येक दोन चकत्यांमध्ये वाळवलेल्या सफरचंदांचा शिजवून घोटलेला मसालेदार गर पसरायचा, एवढीच त्याची रचना. साखर तिथे महाग असे, म्हणून गोडीसाठी ‘सोर्घम’ची काकवी. हे सोर्घम म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली ज्वारी; तिचाच रसाळ ताटांचा गोड वाण १८५०च्या दशकात अमेरिकेत पोचला आणि त्या डोंगरांत रुजला. आपल्याकडेही फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर आणि तिच्या पाकावर बरेच काम केले आहे. आई उसाची काकवी वापरत असे, आणि नाताळात कोल्हापूरकडून कोणी येणार असले की तिचे पहिले मागणे काकवीचेच असे. त्या बाईंचा केक आणि आमचे स्वयंपाकघर यांत इतके थोडे अंतर होते, याचे मला अजूनही नवल वाटते.

आता माझ्या चुकांविषयी, कारण आपल्या वाचकांना त्याच उपयोगी पडतील. पहिल्या वर्षी मी ताजी सफरचंदे शिजवून भरली. गराला पाणी सुटले, खालच्या चकत्या लगदा झाल्या आणि वरच्या घसरून ताटात आल्या. ताज्या सफरचंदात पाऊणशे टक्क्यांहून बरेच अधिक पाणी असते, ते उन्हाने आधी काढून घेतले नाही तर ते केकमध्येच उतरणार. म्हणून दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या उन्हात खंडेराव मार्केटमधून तीन किलो सफरचंदे आणली, सोलून त्यांच्या पातळ फोडी केल्या, काळ्या पडू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यातून काढल्या आणि आई करायची तशा दाभणाने जाड दोऱ्यात ओवून गच्चीवर, जुन्या मलमलीच्या साडीखाली टांगल्या. (अ‍ॅपलेशियातही फोडी अशाच दोऱ्यात ओवून चुलीजवळ किंवा उन्हात टांगत, हे मला फार पुढे कळले.) चौथ्या दिवशी तीन किलोचे जेमतेम चारशे ग्रॅम उरले. फोड दुमडली तर मोडत नाही, दाबली तर बोटाला ओल लागत नाही आणि रंग कमावलेल्या कातड्यासारखा तांबूस होतो, तेव्हा ती वाळली असे समजावे. शिजवल्यावर तिला जी आंबटगोड धार येते ती ताज्या फळात नसते. मात्र हल्ली मिळणारे लालभडक ‘डिलिशियस’ जातीचे सफरचंद नुसतेच गोड असते, त्यामुळे गरात अर्धे लिंबू पिळावे लागते.

एवढे करूनही दुसऱ्या वर्षीचा केक फसला, आणि तिसऱ्याही. सहाशे ग्रॅम मैदा, वाटीभर काकवी, लोणी, आंबट ताक, खाण्याचा सोडा, सगळे प्रमाणात होते. पण संध्याकाळी कापायला घेतला तर सुरी कडकडत गेली आणि तुकडा खारीसारखा कोरडा लागला. माझे भाऊ काही बोलले नाहीत, आणि त्यांचे ते न बोलणे मला अधिक लागले. गेल्या नाताळात मी ही हकिगत मावशीला फोनवर सांगितली. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, तिने हा केक स्वतः कधी केलेला नाही, पण फोडी ओवायला ती आईबरोबर बसत असे. तिने विचारले, “डब्यात किती दिवस ठेवला होतास?” मी म्हटले, “ठेवला नाही, त्याच दिवशी कापला.” त्यावर ती म्हणाली, “अगं, मुरल्याशिवाय कसा कापायचा? तुझी आई डबा पोटमाळ्यावर ठेवायची तो कशासाठी?”

आम्ही भावंडे आजवर समजत होतो की आई तो पितळी डबा आमच्यापासून लपवण्यासाठी वर ठेवते.

लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, हे आपल्याला सांगावे लागत नाही. केकही मुरतो, हे मात्र मला सुचले नव्हते. गरातली ओल दोन-तीन दिवसांत हळूहळू चकत्यांत शिरते, चकत्या मऊ होतात, मसाला आणि काकवी एकमेकांत उतरतात, आणि सगळा ढीग एकजीव होतो. चकत्या सुरुवातीला कडक असणे हा दोष नाही. त्या तशा असतात म्हणूनच ओल पिऊनही त्यांचा लगदा होत नाही. या वेळी पहिल्या दिवशी मी कड दाबून पाहिली ती लाकडासारखी होती, दुसऱ्या दिवशी बोट किंचित रुतले, तिसऱ्या दिवशी सकाळी सुरी आवाज न करता तळापर्यंत गेली आणि कापलेल्या बाजूवर तपकिरी आणि तांबूस रेघा एकीवर एक स्पष्ट दिसल्या. तिकडे एक कथा सांगतात की लग्नाला येणारी प्रत्येक शेजारीण एकेक थर घेऊन येई आणि जितके थर तितकी वधू लोकप्रिय. खाद्यपदार्थांचा इतिहास लिहिणारे या कथेवर शंका घेतात आणि मला त्यांचे पटते, कारण लग्नाच्या दिवशी गोळा केलेले थर त्याच दिवशी खाण्याजोगे होणारच नाहीत.

म्हणून आपणास विनंती आहे की जुन्या घरगुती पदार्थांची कृती छापताना साहित्याच्या यादीइतकीच जागा वाळवण्याच्या, भिजवण्याच्या आणि मुरण्याच्या दिवसांना द्यावी, आणि पदार्थ कशाच्या भांड्यात झाला आणि कशात ठेवला तेही विचारून घ्यावे. पुष्कळ घरांत तेवढेच लिहिलेले नसते, आणि ते सांगणाऱ्या मावश्या आता थोड्या उरल्या आहेत.

आणखी एक मागणे आहे. माझ्या केकात दालचिनी आहे आणि सुंठ आहे, तरीही आईच्या केकाचा डबा उघडताच जो वास येई तो अजून आलेला नाही. ते जायफळ असावे असे मला वाटते. मावशी बडीशेप म्हणते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बडोद्यात होम सायन्स शिकलेल्या आणि त्या टेनेसीच्या बाईंकडे हा केक शिकलेल्या कुणी भगिनी हे पत्र वाचत असतील, तर त्यांनी आपली जुनी वही एकदा काढून पाहावी आणि आपल्या दैनिकाच्या पत्त्यावर कळवावे. यंदाच्या फोडी वाळून तयार आहेत.

आपली नम्र,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे