नीडल डिटेक्टर नुसता आणून ठेवून काय उपयोग?

संपादक साहेब, कपड्यात तुटलेली सुई राहू नये म्हणून गारमेंटवाले नीडल डिटेक्टर (बेल्टवरून जाणाऱ्या कपड्यातलं लोखंड चुंबकाच्या जोरावर हुडकणारं मशीन) घेतात खरे, पण बसवतात कुठे तर रिकामा कोपरा सापडेल तिथे, शेजारी मोटर नाहीतर लोखंडी रॅक, मग मशीन उगाचच बोंबलतं आणि वैतागून कोणीतरी सेन्सिटिव्हिटीच (बारीक तुकडा पकडायची ताकद) कमी करून टाकतो, झालं! १.२ मिमीची लोखंडी गोळी बसवलेलं टेस्ट कार्ड, मशीन ती पकडतं का हे तपासायला, बेल्टवर डावीकडे, मधे, उजवीकडे, शिवाय वेगवेगळ्या उंचीवर फिरवून बघायचं असतं, सकाळी एकदा रजिस्टरवर सही ठोकून भागत नाही (लहान बाळांचे कपडे असतात हो त्यात). बटणं, चेन चुंबकाला न चिकटणारी मागवा, नाहीतर मशीन त्यांच्यावरच बोंबलेल. आणि पास झालेला माल परत शिलाईच्या टेबलावर गेला, तर पुन्हा मशीनमधून काढाच.

– एक क्वालिटी चेकर