शिध्यातले तेल निवडताना फक्त भाव पाहू नका

मा. अन्न व नागरी पुरवठा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सादर नमस्कार.

2022 च्या दिवाळीत रेशनकार्डावर मिळालेल्या शंभर रुपयांच्या ‘आनंदाचा शिधा’ संचात रवा, साखर, हरभराडाळ आणि एक लिटर पामतेल होते. 2024 च्या गौरी-गणपतीला पामतेलाऐवजी सोयाबीन तेल आले. बदल योग्य होता. तो एका सणापुरता न राहता कायमचा नियम व्हावा, म्हणून हे पत्र.

हृदयविकाराच्या रुग्णांना आहार सांगणे हे माझे काम. “आमच्या तेलाच्या पिशवीवर कोलेस्ट्रॉल-फ्री लिहिलंय,” असे ते मोठ्या विश्वासाने सांगतात. पण वनस्पतीच्या कुठल्याच तेलात नाव घेण्याजोगे कोलेस्ट्रॉल नसते. शरीरातले बरेचसे कोलेस्ट्रॉल आपले यकृतच बनवते. तेलाचा परिणाम होतो तो वेगळ्या ठिकाणी. रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्ट्रॉल, ओढून घेणारे रिसेप्टर (ते पकडणारी प्रथिने) यकृताच्या पेशींवर असतात. आहारात पामिटिक, मिरिस्टिक, लॉरिक ही संपृक्त मेदाम्ले वाढली की या रिसेप्टरचे काम मंदावते. मग एलडीएल रक्तातच फिरत राहते आणि हळूहळू धमन्यांच्या भिंतीत साचते. त्याच मेदाची जागा लिनोलिकसारख्या असंपृक्त आम्लांनी घेतली, की एलडीएल उतरते.

पामतेलात जवळपास निम्मा मेद संपृक्त असतो. सोयाबीनमध्ये तो साधारण 15 टक्के, शेंगदाण्यात 20 च्या आत, करडईत 10 च्याही खाली. कोकणातल्या मंडळींना आवडणार नाही, पण खोबरेल तेलात तो 90 टक्क्यांच्या आसपास आहे. त्याने एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्ट्रॉलही वाढते हे खरे, तरी वाढलेल्या एलडीएलची भरपाई त्याने होते असे मानता येत नाही.

पामतेल स्वस्त आहे, तळणात टिकते आणि ट्रान्स फॅटने (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक मेदाने) भरलेल्या जुन्या वनस्पती तुपापेक्षा नक्कीच बरे. पण ज्या घरात महिनाभर एकच तेल येते, त्या घराला दुसरे तेल निवडण्याची सोय नसते. तिथे ही निवड शासन करत असते.

मराठवाडा आणि सोलापूरच्या काळ्या जमिनीत रब्बीला, कमी पाण्यावर करडई येते. काटे, मजुरी आणि बेभरवशाचा भाव यांनी ती मागे पडली. काट्यांवर उपाय निघाला आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी-6’ हे बिनकाट्याचे वाण दिले. केंद्र हमीभावही जाहीर करते. कमी आहे ती खात्रीच्या खरेदीची, आणि राज्यात सर्वांत मोठे गिऱ्हाईक आपणच होऊ शकता.

नेहमीचे करडईचे तेल पुन्हापुन्हा तापवून तळायला चांगले नाही, म्हणून सगळे तेल करडईचेच द्या असे मी म्हणत नाही. दोन खाद्यतेलांच्या मिश्रणाला नियमांची परवानगी आहे, फक्त प्रत्येक तेल किमान 20 टक्के हवे. शेंगदाणा आणि करडई यांचे तसे मिश्रण शिध्यात देता येईल.

शिधा असो, आश्रमशाळा असो की वसतिगृह, शासन तेल घेईल त्या प्रत्येक निविदेत संपृक्त मेदाची कमाल मर्यादा लिहा. पिशवीच्या दर्शनी बाजूला तेलाचे नाव आणि हे प्रमाण ठळक मराठीत छापून घ्या. तेलाची पुढची निविदा निघण्याआधी हे व्हावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक आहारतज्ज्ञ, सोलापूर