आबाच्या पत्राला उत्तर

भुसावळ

प्रिय आबा,
सप्रेम सलाम.

शेताच्या वाटणीच्या भांडणात, ऐन केळीच्या कांदेबागेच्या दिवसांत, तुझ्या मोठ्या भावाने पंपाच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं, केळीची टिशूची रोपं माना टाकायला लागली, हे वाचून जीव तुटला. पण पुढे तू मलाच कोंडीत धरलंस. तुमच्याच बायबलात माणसाचे वैरी त्याच्या घरचेच असं लिहिलंय, मग समेटाचं मला काय सांगतोस, म्हणे!

लिहिलंय, नाही कशाला म्हणू? मत्तयाच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, मी शांतता नव्हे, तलवार घेऊन आलोय. बापलेकांत, सासूसुनांत फूट पडेल. ही फूट मुळात मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकातली. मीखा तिथे भांडा म्हणत नाही. मित्राचा, अगदी कुशीतल्या बायकोचाही भरवसा उरला नाही म्हणून तो विलाप करतोय. येशू शिष्यांना सावध करतोय, की माझ्यामागे आलात तर घरचेच उलटतील. म्हणजे तलवार शिष्याने चालवायची नाही, त्याने झेलायची. पेत्र या शिष्याने खरोखरच उपसली, तेव्हा येशूने त्याला ती म्यान करायला लावली. आणि येशूच्या घरचे तरी कुठे वेगळे? याला वेड लागलंय म्हणून तेही त्याला धरायला निघाले होते, असं मार्क लिहितो.

आपल्याकडचे कवी नारायण वामन टिळक घे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. ती फूट श्रद्धेपायी होती, बांधापायी नव्हे.

तुझं प्रकरण लूकच्या बाराव्या अध्यायात आहे. गर्दीतला एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू त्याला झटकतोच: मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं? वर लोभाला जपा म्हणून बजावतो. आणि घरात फूट पडेल हे बोलही लूकने याच अध्यायात पुढे दिलेत. विश्वासापायी घर फुटलं तर सोसा, पण वतनापायी फोडायचं असेल तर त्या कागदावर येशूची सही मिळायची नाही.

मला स्वतःला जड जाणारी जागा वेगळीच आहे. मत्तयातच येशू म्हणतो, वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा. राग त्याच्या मनात, आणि उठून जायचं तू! चूक कुणाची, हे विचारलेलंच नाही.

हक्क सोड असं मी म्हणत नाही. मोजणी मागव, सातबारा वेगळा कर, लागलाच तर वकीलही कर. फक्त त्यासाठी मत्तयाला साक्षीला उभं करू नकोस.

रविवारी उपासना आटोपली की येतो. आधी मोठ्याकडे जाईन, रागावू नकोस. पेटीची चावी मागून बघतो. वाटणीचं मात्र तुमचं तुम्ही बघा, मला त्यात कुणी नेमलेलं नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
भुसावळकर