आधी कॉम्प्युटरात लाईन घालवून बघू

समुद्रपूर, जि. वर्धा

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझी यादी मिळाली. मोटार, कूलर, अंगणातला लाईट, सगळं पुण्यात बसून मोबाईलवर. होईल, पण भिंत फोडायच्या आधी तुमचं घर मी कॉम्प्युटरात मांडलंय आणि तिथे रोज लाईन घालवतोय. या कामासाठीची पुस्तकं आणि व्हिडिओ वीज कायम आहे असं धरून चालतात. आपल्याकडे ती धरून चालायची गोष्ट नाही, हे तुला सांगायला नको.

वोकवी म्हणून ब्राउझरमध्ये चालणारं एक सिम्युलेटर आहे. त्यात ईएसपी३२ बोर्ड (वायफायवाला इवलासा कॉम्प्युटर), रिले (बोर्डाच्या हुकमावर चालणारा स्विच), तापमानाचा सेन्सर, सगळं पडद्यावर जोडता येतं, आणि पुढे खऱ्या बोर्डात जाणारा कोड तिथेच चालवून बघता येतो. घराचे नियम मी होम असिस्टंट या घर चालवायच्या प्रोग्राममध्ये लिहिले आणि टाकीची पातळी नोड-रेड या दुसऱ्या प्रोग्राममधून खोटी पाठवतो. बोर्ड आणि नियम यांच्यातला निरोप एमक्यूटीटी या पद्धतीने जातो, आणि मधे ब्रोकर नावाचा प्रोग्राम टपालवाल्यासारखा तो पोचवतो. ही पद्धत १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवायला निघाली होती, म्हणजे तुटक्या संपर्काची सवय तिला जन्मापासूनच.

आता तुझा मोटारीचा नियम घे. 'टाकी रिकामी झाली की चालू, भरली की बंद.' वाचायला सरळ. मी त्याला असं फिरवलं : रात्री टाकी रिकामी, 'चालू'चा निरोप गेला, तेवढ्यात लाईन गेली. ब्रोकर आणि टाकीचा सेन्सर इन्व्हर्टरवर जिवंत, मोटारीचा बोर्ड मात्र मेला. मधे पंचायतीचा नळ आला, टाकी भरली, 'बंद'चा निरोप सुटला, पण ऐकणार कोण? पहाटे लाईन आली. तू 'चालू'चा निरोप रिटेन केलास, म्हणजे ब्रोकरला जपून ठेवायला लावलास, 'बंद'चा मात्र नाही; त्यामुळे बोर्ड उठताच ब्रोकरने त्याला जपून ठेवलेला जुना 'चालू' हातात दिला. टाकी आधीच भरलेली, तिच्यात बदल नाही, आणि नियम जागा होतो तो बदल झाल्यावरच. म्हणून 'बंद' पुन्हा जात नाही. सकाळी काकूंच्या अंगणात तळं!

तेव्हा टाकीची स्थिती रिटेन राहू दे, हुकूम नको. बोर्डाने उठल्यावर आधी बंद राहावं, काही मिनिटं थांबावं, मग टाकीला विचारावं. थांबायचं कारण तुला माहीत आहे : शेतात सगळ्यांनी मोटार आपोआप चालू करणारे ऑटो टाकलेले असतात, लाईन आली की डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, एकदम भार पडतो. सगळे एकाच मिनिटावर थांबले तरी तेच होणार, म्हणून आपली वेळ थोडी मागेपुढे ठेवलीय.

कूलरला नुसतं तापमान बघून चालत नाही. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे पाणी उडून हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते, २३ च्या आसपास येतं. चांगल्या वाळ्याचा कूलर २८-२९ ची हवा देतो. ऑगस्टमध्ये ३२ अंशाला ८० टक्के आर्द्रता असली की तोच कूलर घर नुसतं दमट करतो. नियमात दोन्ही आकडे घातलेत. शिवाय ३४ ला चालू, ३१ ला बंद असं अंतर ठेवलं, नाहीतर रिले दर मिनिटाला टकटक करेल.

वोकवीत रिले फक्त लागतो आणि सुटतो. १७० व्होल्टवर मोटार कशी कण्हते, ते तिथे दिसत नाही. ते घरी येऊन मीटर लावूनच बघावं लागेल.

आणि काकाजी! मी त्यांना सगळं समजावलं, तर म्हणाले, "मोबाईलची चार्जिंग संपली तं पानी भराचं नाई का?" प्रश्न शंभर टक्के बरोबर. म्हणून आता मॉडेलमध्ये काकाजींचं बटणही आहे, कधीही, कोणत्याही क्रमाने दाबलं जाणारं. सेन्सरपेक्षा त्यानेच जास्त नियम पाडले. भिंतीवरचा जुना स्विच तसाच राहील आणि त्याचाच शब्द शेवटचा, यावर मी हटणार नाही.

टाकीची उंची त्यांना मोजायला सांगू नकोस, ते शिडीवर चढतील. मी जाऊन मोजतो. तू दिवाळीला येताना तिथल्या बाजारातून दोन-चार रिले मॉड्यूल आण, आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीचा भार पेलणारा मोठा स्विच, नक्की आण. मोटारीचा करंट त्या इवल्याशा रिलेवरून न्यायचा नाही.

काकू विचारत होत्या, यावेळी सुनबाई येणार की तू एकटाच. कळव.

तुझाच,
दोस्त