वाळवंटात सायकल चालवायला निघालेल्या पोरीस

प्रिय सोनू,

पोरींच्या सायकलींसाठी पैसे जमवायला तुम्ही जी सायकलफेरी काढून राहिले, तिचा तू पाठवलेला रूट बाबांनी मोबाईलवर मोठा करून करून पाहिला. जोधपूर, पोकरण, जैसलमेर, सम, आणि मग रामगढवरून तनोट, म्हणजे थेट बॉर्डरपर्यंत सायकल. ते काहीच बोलले नाहीत, तुरीकडे एक चक्कर मारून आले आणि म्हणाले पंक्चरचं सामान दुप्पट घ्यायला सांग. म्हणजे परवानगी झाली. माझी तर आधीच होती, पण माझ्या परवानगीसोबत भाषण पण येते, आणि फोनवर तू हो आई हो आई करून कापते म्हणून टाइप करून राहिली.

आधी पाणी. तू म्हणशील आई आशा वर्कर आहे, हिला ओआरएसशिवाय दुसरं काय सुचणार. पण ऐक. तिकडची हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, आला की उडून जाते, आणि तुम्ही जानेवारीत चालले म्हणून ऊन पण गोड लागणार, त्यामुळे तहान लागली हे समजतच नाही. आपल्याकडे मे महिन्यात माणूस भीतीनं तरी पाणी पिते, दुपट्टा बांधते, खिशात कांदा ठेवते (त्या कांद्यानं काही होत नाही, मी किती वर्षं सांगून राहिली पण ऐकते कोण). आणि नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तरी चालत नाही, तासन्‌तास घाम गेला की मीठ पण जाते, मग डोकं दुखते, मळमळते, लय झालं तर माणूस बरळायला लागते. ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, ग्लासात थोडं थोडं टाकायचं नाही, आणि उरलेलं 24 तासांनी फेकून द्यायचं. पाकीट नसलं तर लिटरभर चांगल्या पाण्यात साखर 6 चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चहाचा चमचा, सपाट भरलेला. लघवी गर्द पिवळी झाली की समजायचं उशीर झाला.

आता जे ग्रुपमध्ये कोणी बोलणार नाही ते मी बोलते. बाया पाणी कमी पितात ते तहान नाही म्हणून नाही, जायला जागा नाही म्हणून. कापूस वेचायला जाणाऱ्या आपल्या बाया सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळपर्यंत घोटभर पाण्यावर राहतात आणि मग जळजळ घेऊन माझ्याकडे येतात, शाळेतल्या पोरींचं पण तेच. पोकरणच्या पुढं रस्त्याच्या बाजूला आडोशाला धड झाड मिळायचं नाही. म्हणून तुमच्यासोबत जी गाडी आहे तिच्यात चार बांबू आणि एक जाड पडदा ठेवायला आत्ताच सांग, तिथं गेल्यावर नाही. पाळीचं सामान पण गाडीत नको, तुझ्या जवळच्या बॅगेत ठेव, गाडी कधी मागं राहील काही सांगता येत नाही. लाजू नको, तू नाही बोलली तर बाकीच्या पोरी पण पाणी सोडतील.

मावशीनं विचारलं की ती पॅडवाली चड्डी घालून गावागावातून जाणार का. मी म्हटलं हो, आणि तुला पाहिजे का एक.

रात्रीचं दुसरं सांगते. दिवसा घाम आणि रात्री हुडहुडी असं होते तिकडं, वाळू जितकी लवकर तापते तितकीच लवकर थंड होते आणि आभाळ उघडं, त्यामुळे थंडीचं जॅकेट वजन म्हणून टाकून जाऊ नको. तंबूबाहेर अनवाणी जायचं नाही, टॉर्च आधी, पाय नंतर, आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, विंचू बसलेला असते. फुरसं तिकडं पण आहे, आपल्या मुरमाडीतल्यासारखंच, अंगावर अंग घासून करकर आवाज करते, तो आवाज आला की जागीच थांब आणि हळूच मागं सरक. चावलंच तर कापणं नाही, दोरी बांधणं नाही, चोखणं तर अजिबात नाही, हात-पाय हलवायचा नाही आणि सरळ जिथं सर्पदंशाची लस आहे त्या दवाखान्यात. हे सगळं तुला लहानपणापासून माहीत आहे, पण सोबतच्या पुण्याच्या पोरांना माहीत असेल याची गॅरंटी नाही.

आणि सराट्याचे काटे! गोखरू म्हणतात तिकडं. सायकल रस्त्याच्या खाली उतरवून फोटो काढायची हौस आली की आधी खाली पाहा.

आजोबा असते तर लय खूश झाले असते. बाबा आमटेंनी 1985 मध्ये भारत जोडो काढली होती, कन्याकुमारी ते काश्मीर, पोरंपोरी सायकलवर आणि ते स्वतः गाडीत आडवे झोपून, पाठीच्या दुखण्यामुळं त्यांना बसता येत नव्हतं. पुन्हा 1988 ला अरुणाचलपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत. आनंदवन आपल्या वरोऱ्याचंच, त्यामुळं चांगल्या कामासाठी सायकल मारणं हे काही पुण्यात निघालेलं फॅड नाही, एवढं तुझ्या ऑफिसवाल्यांना सांगून दे.

पण त्या पैशाबद्दल मला बोलायचं आहे. तुम्ही लोकांकडून किलोमीटरमागं पैसे घेणार आणि इकडच्या पोरींना हायस्कूलला जायला सायकली देणार, काम चांगलंच आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू पोरींना सायकली मिळतात, पण काही जणी सुटतात, नावं मी देते. फक्त त्या पोरींचे फोटो तुमच्या पेजवर टाकायचे नाहीत. सायकल हातात देऊन चार लोक बाजूला उभे राहून हसणारा तो फोटो तर अजिबात नाही. उद्या त्याच पोरीला वर्गात कोणी म्हणेल की ही दान घेणारी, मग ती सायकल घरी ठेवून पायी येईल. पैसे देणाऱ्याला पावती द्या, बिल दाखवा, किती सायकली घेतल्या ते लिहा, तेवढ्यावर ज्याला द्यायचे तो देते. आणि गिअरवाली घेऊ नका, इथं दुरुस्त करणारा नाही. साधी, मागं कॅरिअर, चेनकव्हर पाहिजेच, नाहीतर पंजाबी ड्रेसची सलवार अडकते.

आता तुझ्या त्या मेसेजमधली एक गोष्ट मला खटकली. तू लिहिलं "रिकाम्या वाळवंटातून". रिकामं कुठं आहे ग ते? जैसलमेरला वर्षाला 200 मिलिमीटर पण पाऊस धड पडत नाही, आपल्याकडं नऊशे-हजार पडते आणि तरी मे महिन्यात आपण टँकरची वाट पाहतो, आणि तिकडं लोक शेकडो वर्षं शेती करून राहिले. खेजडी पाहशील ना, ती म्हणजे आपली शमीच, दसऱ्याला पुजतो ती. पाला जनावराला, शेंगांची भाजी, लाकूड घराला. जोधपूरजवळ खेजडलीला 1730 मध्ये अमृतादेवी बिश्नोईसकट 363 माणसांनी हीच झाडं वाचवायला जीव दिला, जोधपूरला एक दिवस आधी पोचणार असाल तर तिथं जा, किल्ला नंतर पाहा. माळढोक पण तिकडंच उरला, त्याला गोडावण म्हणतात. वरोऱ्याकडं पण होता. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांवर आदळून मरते. दिसला तर लांबूनच पाहा, मागं लागू नका आणि ड्रोन उडवू नका.

तनोटला देवीच्या मंदिरात 1965 च्या युद्धातले न फुटलेले बॉम्बगोळे ठेवले आहेत म्हणतात, बीएसएफचे जवानच सगळं पाहतात. बाबांना त्याचा फोटो पाहिजे. मला नको, मला खडीनचा पाहिजे.

खडीन म्हणजे पालीवालांनी काढलेली पद्धत, आता ओसाड पडलेलं कुलधरा ज्यांचं गाव होतं ते लोक (तिथं भूतबित शोधत बसू नको). खडकाळ उतारावरचं पावसाचं पाणी खाली सखल शेतात येऊ द्यायचं, शेवटाला मातीचा लांब बांध घालून अडवायचं, जास्तीचं एका बाजूनं जाऊ द्यायचं. ते मुरलं की त्याच ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा पेरायचा, वरून पाणी द्यायचंच नाही. जानेवारीत पीक उभं असेल. आपल्या वरच्या पडीक तुकड्याच्या खाली असं होते का हे बाबांच्या डोक्यात बसलं आहे, काळी माती आहे म्हणून मला शंका आहे, काळीत पाणी लवकर मुरत नाही. तर तिथल्या एखाद्या शेतकऱ्याला विचार, बांध दरवर्षी फुटते का, फुटला तर कोण बांधते, एकटा की गाव मिळून. आणि बांधाचा फोटो काढशील तेव्हा बाजूला कोणीतरी माणूस उभा कर, म्हणजे उंची समजते.

तुझी,
आई